गोणीचं धुतलेलं पांघरूण

मांजरांच्या त्या निवाऱ्यात साबणकाका येण्याआधी त्यांचा वास यायचा. धुण्याचा सोडा, फिनेल आणि वाफेत शिजून निघालेला माणूस, अशी तिपदरी वर्दी. अठरा वर्षं ते तिथली पांघरुणं, टॉवेल आणि फडकी धूत होते, आणि धुणं म्हणजे कसं, तर डागाशी पिढीजात वैर असल्यासारखं. "काकांच्या तावडीतून मांजर वाचेल, डाग वाचायचा नाही," असं फोनवाली म्हणायची.

फोनवाली म्हणजे पुढच्या टेबलावर बसून निवाऱ्याचे फोन घेणारी मुलगी. तिला दोन आवाज होते. एक फोनवरचा, साखरेत घोळलेला : "नमस्काऽर, निवारा, बोला नाऽ." दुसरा फोन ठेवल्यावरचा : "काका, डब्यात काय आहे, मेले मी भुकेनं."

धुलाईची खोली इमारतीच्या मागच्या अंगाला होती. तिथे दोन मशिनं. एक नवं, खालमानेनं काम करणारं. दुसरं जुनं, कपडे पिळायला लागलं की ते धडधडत पुढे सरकायचं आणि काका "बस, बस, कुठे निघालास?" म्हणून त्याला कंबरेनं थोपवायचे. या जुन्या मशीनच्या मागे, गरम पाण्याच्या नळाखाली, हातभर रुंदीची सांद होती. त्या सांदीत गोणी राहायची.

गोणी चौदा वर्षांची होती. मळकट करड्या रंगाची, डावा कान दुमडलेला. अर्धी रिकामी गोणी भिंतीला टेकवून ठेवावी तशी बसायची, म्हणून गोणी. सहा वर्षांपूर्वी तिची मालकीण वारली, भाचेमंडळींनी घर रिकामं केलं आणि कपाट, आरसा, मांजर असं सगळं एकाच दिवशी निकालात काढलं. निवाऱ्यात पिंजऱ्याचं दार उघडल्याबरोबर गोणी जी सुटली ती तीन खोल्या पार करून थेट मशीनच्या मागे. ती अजून तिथेच होती. मशीनच्या धडधडीचं तिला काही नव्हतं. तिला भीती फक्त माणसांची.

काकांनी तिला कधी गोंजारलं नाही. सकाळी वाटी ठेवायची, पाठ फिरवायची आणि चादरी मोजायला लागायचं. मग मागून खाण्याचा आवाज यायचा. काका दिवसभर तिच्याशी बोलत, तेही भिंतीकडे तोंड करून : "आज पाण्याला जोर नाही बघ." सहा वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड नीट पाहिलं नव्हतं. थोडक्यात, संसार उत्तम चालला होता.

आणि एका सोमवारी निवारा चालवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की मालकाला जागा परत हवी आहे, निवारा महिनाअखेर बंद. शहराच्या पलीकडच्या टोकाचा दुसरा निवारा मांजरं घेईल, पण दहा वर्षांच्या आतली. त्यावरच्यांना घर शोधावं लागेल.

"आणि गोणी?" काकांनी विचारलं.

"बघू, काका."

डॉक्टरीणबाईंचं 'बघू' काका ओळखून होते. आंधळ्या बोक्याच्या वेळी त्या 'बघू' म्हणाल्या होत्या. मूत्रपिंडं गेलेल्या काळीच्या वेळीही. दुसऱ्या दिवशी धुवायला पांघरूण आलं होतं, मांजर नव्हतं.

आता कुणी म्हणेल, काकांनीच घरी न्यायची. पण काकांचं घर म्हणजे ताईचं घर, आणि ताई घरात केक करायची. वाढदिवसांचे, लग्नांचे, तीन-तीन मजली. एक केस सापडला की गिऱ्हाईक गेलं. म्हणून काकांना दारातच कपडे बदलावे लागत. अंगावरचे कपडे झाकणाच्या बादलीत, बादली तडक धुण्यात आणि काका तडक अंघोळीला. "अठरा वर्षं मांजरांचं धुतोस आणि मी तुझं," ताई म्हणायची. "घराण्याला धोब्याचा शाप आहे रे!" काकांनी एकदा हळूच विषय काढला. ताईनं क्रीमची पिशवी खाली न ठेवता विचारलं, "मांजर येणार असेल तर मी कुठे जाऊ, ते आधी सांग." विषय मिटला.

निवाऱ्यात मांजर द्यायची एक रीत होती. येणाऱ्याला एका बंद खोलीत बुटक्या स्टुलावर पाव तास बसवायचं. हाक मारायची नाही, हात पुढे करायचा नाही. मांजर आपणहून आलं तर जमलं. गोणीला रोज त्या खोलीत आणत आणि ती रोज कपाटाशेजारच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसे. लोक तिची पाठ बघून जात.

पहिलं आलं एक नवं जोडपं. ती म्हणाली, "अय्या, किती गोऽड," आणि तो म्हणाला, "काय गोड? पाठ?" मग एक दुकानदार आला. "उंदीर पकडते का?" काका खरं बोलून बसले : "उंदीर आला तर ही त्याला सरकून जागा देईल हो." मग एक निवृत्त शाळामास्तरीण आल्या. पाव तासाचा नियम त्यांनी दोन मिनिटांत मोडला. "इकडे बघ. मी तुझ्याशी बोलतेय. मान वर!" मान वर फोनवालीनं केली, काकांनी केली, गोणीनं नाही केली. बाई जाताना म्हणाल्या, "हिला लहानपणी कुणी शिस्त लावली नाही." सोळा दिवसांत अकरा जण आले. दहाव्याला मांजर खोलीत आहे हेच कळलं नाही.

या काळात दुसरी सगळी म्हातारी मांजरं गेली. तीन पायांचा बोका गेला, गुरगुरणारी गेली, चावरीसुद्धा गेली. काका रिकाम्या पिंजऱ्यांतले टॉवेल आणि फडकी धुऊन घड्या घालत होते आणि घड्यांचा ढीग चढेल तसा त्यांचा आवाज बसत होता.

फोनवालीनं जाहिरात तीनदा बदलली. 'प्रेमळ' लिहिलं, काका म्हणाले खोटं आहे. 'शांत' लिहिलं, ते म्हणाले कमी आहे. शेवटी तिनं वैतागून लिहिलं : "वय चौदा. कुणाच्या अध्यात ना मध्यात. तुम्ही तिला विचारू नका, ती तुम्हाला विचारणार नाही."

ही वाचून कवळीवाले आले.

कवळीवाले सत्तरीचे होते, लोकांचे खोटे दात बनवायचे. त्यांनी स्टूल घेतलं, गोणीकडे पाठ करून बसले, खिशातून एक कवळी आणि कानशीचा तुकडा काढला आणि घासायला लागले. खर्र, खर्र. दाराच्या काचेला काका आणि फोनवाली नाक लावून उभे.

"हा माणूस आलाय कशाला?" फोनवाली पुटपुटली.

"गप. बघ."

तेराव्या मिनिटाला गोणीनं मान वळवली. फक्त मान. पण भिंत सोडून दुसरीकडे बघितलं, ही गोष्ट त्या खोलीत पहिल्यांदा घडत होती. काकांनी फोनवालीचा हात इतका दाबला की तिच्या तोंडून दोन्ही आवाज एकदम निघाले.

"नेतो," कवळीवाले बाहेर येऊन म्हणाले. "बत्तीस वर्षं लोकांचे जबडे उघडून बसलोय. घरी कुणी तोंड न उघडणारं असेल तर बरंच आहे. अट एकच, मला प्रेम बिम शिकवू नका."

न्यायचं ठरलं बुधवारी. निवारा बंद व्हायला तीन दिवस उरले होते.

मंगळवारी दुपारी काका एकटेच धुलाईच्या खोलीत होते. गोणी तपासणीला वर नेलेली. एरवी तिला स्टुलाच्या खोलीत नेत तेव्हा काकाही त्या दाराशी असायचे, म्हणून मशीनच्या मागची सांद त्यांना सहा वर्षांत पहिल्यांदा रिकामी दिसली आणि तिथे तिचं पांघरूण होतं. कधीकाळी ते निळं होतं म्हणे. आता केसांचा, धुळीचा आणि लाळेचा एक जाड थापा झाला होता. सहा वर्षं ते काकांच्या डोळ्यांत सलत होतं. ती त्यावरून उठतच नसे, तर काढणार कसं? लेक सासरी जायची आणि जाताना हे नेसून जायची? काकांना आपल्या अठरा वर्षांच्या नोकरीची लाज वाटली.

त्यांनी ते धुतलं. आधी गार पाण्यात भिजवलं, मग ब्रशनं घासलं, मग गरम पाण्यात दोनदा मशीन लावलं, वर सुगंधी द्रावण. नेण्याचा पिंजरा फिनेलनं पुसला. बुधवारी सकाळी पांघरूण पिंजऱ्यात अंथरलं तेव्हा ते खरंच निळं होतं. गोणीला आत ठेवल्यावर ती त्यावर बसली नाही. चारही पाय पांघरुणाच्या कडेबाहेर, पत्र्यावर ठेवून उभी राहिली. काकांना वाटलं, नव्या कपड्यात माणूसही अवघडतोच की.

आता हे खरं, की निवाऱ्यातून जाणाऱ्या प्रत्येक मांजरासोबत त्याचं मळकं पांघरूण न धुता द्यायचं, असा कागदच होता. नव्या घरात जुना वास लागतो. त्यावर जीव टेकतो. कागद पुढच्या टेबलावर चिकटवलेला. फोनवाली ती मळकी पांघरुणं पिंजऱ्यातूनच परस्पर बांधून द्यायची, म्हणून ती काकांकडे कधी पोचलीच नव्हती. धुणाऱ्याला 'धुऊ नका' सांगायचं कुणाच्या डोक्यात येणार? बुधवारी सगळ्यांना घाई होती. निळं पांघरूण बघून फोनवालीला वाटलं नवीन दिलंय, जुनंही असेलच खाली.

शनिवारी निवारा बंद झाला. काकांनी निरोप म्हणून आपली खोली घासून लख्ख केली, सांदीसकट.

रविवारी सकाळी कवळीवाल्यांचा फोन आला.

"साबणवाले, ही खाते कधी?"

"म्हणजे?"

"बुधवारपासून खाल्लं नाही. म्हटलं लाजत असेल. आज चार दिवस झाले. पाणीसुद्धा जेमतेम."

काका डॉक्टरीणबाईंना घेऊन पोचले. कवळीवाल्यांचं घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे. दीडदोनशे माणसं एकदम हसताहेत असं वाटायचं. सर्वांत खालच्या फळीखाली, पोत्यांच्या मागे, गोणी. निळं पांघरूण खोलीच्या दुसऱ्या टोकाला पडलेलं. तिनं ओढत नेऊन टाकलं होतं, असं कवळीवाले म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी गोणीच्या हिरड्या पाहिल्या. पिवळसर होत्या. मग पांघरूण उचललं, नाकाला लावलं आणि काकांकडे पाहिलं.

"काका, हे धुतलंत?"

"तीनदा," काका म्हणाले. अजून त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. तो पुढच्या दोन वाक्यांत गेला.

"तिला इथे कुठेच काही ओळखीचं नाहीये, काका. स्वतःचासुद्धा वास नाही. आणि मांजर चार दिवस उपाशी राहिलं की यकृत बिघडायला लागतं. तिच्या वासाचं दुसरं काही आहे? नाहीतर तुमच्या वासाचं?"

काकांनी आठवून पाहिलं. सांद त्यांनी स्वतः घासली होती. घरी त्यांचा एकूणएक कपडा ताई त्याच दिवशी धूत होती. साठ वर्षांच्या माणसाकडे स्वतःचा म्हणावा असा वास नव्हता.

"परत न्यायची असेल तर—" काका कवळीवाल्यांकडे बघत म्हणाले.

"नेणार कुठे? कुलूप बघायला?" कवळीवाले म्हणाले. "आता काय करायचं ते सांगा."

डॉक्टरीणबाईंनी बिनसुईची सिरिंज आणि पातळ खाणं दिलं. गालाच्या कडेनं, थोडं थोडं, सकाळ-संध्याकाळ. कवळीवाल्यांचा हात त्यात बसलेला. बोटानं जबड्याचा कोपरा दाबला की तोंड उघडलंच पाहिजे. पण गोणी धरू देत नव्हती. काकांनी धरली तेव्हाच ती थांबली. काकांनी तिला पहिल्यांदाच हातात घेतलं होतं. आत इतकं कमी मांजर असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

त्या दिवसापासून काकांनी अंगातला शर्ट काढला नाही.

"अरे, हा कालचाच शर्ट ना?" सोमवारी ताईनं दारातच अडवलं.

"हो."

"आणि तोंड वर करून सांगतोस? चल, बादलीत टाक."

"ताई, तीन दिवस. वास मुरायला पाहिजे."

"मुरायला? तू काय लोणचं आहेस? अरे शहाण्या, आत दोन मजली केक उघडा पडलाय!"

"मी आत येत नाही."

आणि खरंच ते आले नाहीत. ताईनं ताट जिन्यात आणून दिलं, अंथरूण गॅलरीत टाकलं. काका दिवसभर जिने चढत-उतरत होते, घाम यावा म्हणून. शेजारीण म्हणाली, "नोकरी गेली की माणसं व्यायाम करतात, आमच्या ह्यांनीपण केला होता."

मंगळवारी संध्याकाळी ताई पदर नाकाला लावून दोन पायऱ्या वर येऊन बसली.

"खाल्लं का तिनं?"

"आपणहून नाही."

"वय किती म्हणालास?"

"चौदा."

"म्हणजे माणसात किती?"

"तुझ्यापेक्षा थोडी मोठी."

"मेल्या!" ताई म्हणाली. पदर नाकावरून खाली घेतला. मग म्हणाली, "तिची चूक नाही त्यात. तुला ना, कुठे थांबायचं ते कळत नाही. लहानपणी माझ्या बाहुलीचे डोळे धुऊन पुसले होतेस."

काका उठून पुन्हा जिने चढायला लागले. ताईला वाटलं जरा जास्त झालं. पण जे बोललं ते परत घ्यायची तिला सवय नव्हती.

बुधवारी काकांनी शर्ट पोत्यांच्या मागे ठेवला. गोणीनं तासाभरानं तो हुंगला. दुपारी पाहिलं तर त्यावर बसलेली होती. कवळीवाल्यांनी लगेच वाटी पुढे केली, दोघांनी पाठ फिरवली आणि जबड्यांकडे बघत उभे राहिले. दहा मिनिटं. वीस मिनिटं. मागून आवाज आला नाही.

"बसली तरी," कवळीवाले म्हणाले.

"बसली," काका म्हणाले.

मग रोजचं ठरून गेलं. सकाळ-संध्याकाळ काकांनी धरायचं, कवळीवाल्यांनी भरवायचं. अर्धं पोटात, अर्धं काकांच्या बाहीवर. बाही धुवायची नाही हे काका शिकले होते. पण आता त्याचा उपयोग काय, हे कुणी त्यांना विचारलं नाही.

पुढच्या आठवड्याच्या बुधवारी डॉक्टरीणबाई वजनकाटा घेऊन आल्या. आकडा पाहून त्यांनी काटा पुन्हा शून्यावर आणला आणि पुन्हा वजन केलं. तोच आकडा. आता कानांच्या आतली कातडीही पिवळी होती.

"काका, खरं सांगू का?"

"नका सांगू."

"दोन आठवडे झाले. आपण तिला जबरदस्तीनं जगवतोय. रोज दोनदा धरायचं, तोंड उघडायचं... तिला माणसांची भीती वाटते, आणि आपण तिच्याशी तेवढंच करतोय."

काकांनी गोणीला काट्यावरून उचलून शर्टवर ठेवलं. उत्तर कवळीवाल्यांनी दिलं.

"शुक्रवारपर्यंत थांबा. मग तुम्ही म्हणाल तसं."

"शुक्रवारी काय वेगळं होणार आहे, साहेब?"

"काही नाही. पण मला दोन दिवस द्या. मी तिला 'नेतो' म्हणालो होतो, 'बघतो' नव्हतो म्हणालो."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. जाताना चपला घालायला त्यांना फार वेळ लागला. काका दारात उभे होते. कुणीच 'बघू' म्हणालं नाही.

गुरुवारी सकाळी गोणीनं सगळं ओकून टाकलं. दुपारी ती शर्टवरून उठून वाटीपर्यंत आली, वाटीशेजारी आडवी झाली आणि तिथेच पडून राहिली. संध्याकाळी काकांनी उचललं तर ती नेहमीसारखी आखडली नाही. तेच जास्त वाईट होतं. कवळीवाल्यांनी सिरिंज भरली, बोट जबड्याच्या कोपऱ्याशी नेलं आणि सिरिंजच्या टोकाला थेंब आला होता तो तिच्या ओठाला लागला. गोणीनं जीभ बाहेर काढून तो चाटला.

दोघंही हलले नाहीत.

"पाहिलंत?" काका कुजबुजले.

"पाहिलं."

दुसरा थेंब लावला. तो तसाच ओघळून गेला. तिसराही.

काकांनी एका हातात गोणी आणि दुसऱ्यात फोन धरून डॉक्टरीणबाईंना सांगितलं. आवाज चढला होता, शब्द एकमेकांत अडकत होते. "आपणहून, मॅडम! कुणी उघडलं नाही तोंड!"

"किती वेळा, काका?"

"एकदा."

 पलीकडे मागे कुणाची तरी भांडी वाजत होती.

"काका, तोंडाला ओलं लागलं की जीभ येतेच. याचा काही अर्थ काढू नका. मी उद्या सकाळी इंजेक्शन घेऊन येते. ठरल्याप्रमाणे."

काकांनी फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" कवळीवाल्यांनी विचारलं.

"उद्या सकाळी येतात."

कवळीवाल्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. गोणीचं डोकं काकांच्या मनगटावर होतं. श्वास चालू होता की नाही हे बघायला काकांना मान वाकवावी लागली.

"उद्या सकाळ म्हणजे अजून बराच वेळ आहे," कवळीवाले म्हणाले आणि त्यांनी दुसरी सिरिंज भरायला घेतली.